बोटभर अंतर

नवीन पनवेलमधल्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये अविनाश सर कराटे शिकवत, आणि त्यांच्या क्लासची ख्याती एकाच गोष्टीसाठी होती. तिथे कुणाला लागत नसे. कराटेच्या क्लासची ही असली ख्याती ऐकून खरं तर कुणीतरी हसायला हवं होतं, पण पालक मंडळी कसली हसतायत! मुलं पांढरे कपडे घालून ओळीत उभी राहत, ‘ओस सर!’ म्हणून कमरेत वाकत, तासभर हवेला झोडपून घामाघूम होत आणि घरी जाऊन दोन पोळ्या जास्त खात. आयांना तेवढं पुरे होतं.

दोघांना समोरासमोर उभं केलं तरी नियम ठरलेला. ठोसा सगळ्या ताकदीने सोडायचा आणि समोरच्याच्या तोंडापासून बोटभर अंतरावर थांबवायचा. थांबला तर गुण, लागला तर गुण कापले. सर म्हणत, "मारणं कुणालाही येतं. थांबवता आलं पाहिजे." हे वाक्य ते वर्षानुवर्षं म्हणत आले होते, आणि दर वेळी पालकांच्या माना डोलत.

पूर्वी हा नियम इतका कडक नव्हता. सर स्वतः दादरला ज्या गुरुजींकडे शिकले, तिथे ओठ फुटणं आणि डोळ्याखाली काळंनिळं होणं हजेरीइतकंच नेहमीचं होतं. पनवेलला आल्यावर त्यांनी सुरुवातीला थोडंफार तसंच चालू दिलं. मग एके दिवशी चौथीतल्या रुचिराच्या नाकावर एका मुलाचा ठोसा बसला, आणि दुसऱ्या संध्याकाळी तिचे वडील सत्यजीत हॉलच्या दारात उभे. विमा कंपनीत अधिकारी, एरवी अगदी सभ्य माणूस, पण त्या दिवशी त्यांचा आवाज चांगलाच चढला होता. "मुलीच्या चेहऱ्याला लागलं म्हणजे काय, कळतं का तुम्हाला? मी तिला इथे शिकायला पाठवतो, मार खायला नाही." बाकीच्या पालकांनीही री ओढली. सर पाताळगंगेच्या ज्या कंपनीत नोकरीला होते ती तेव्हा नुकतीच बंद पडली होती आणि घर आता क्लासवरच चालायचं होतं. त्यांनी हात जोडले. तेव्हापासून बोटभर म्हणजे बोटभर.

रुचिरा त्या बोटभर अंतरात पटाईत झाली. तिचा ठोसा असा सुटायचा की समोरच्याच्या कपाळावरचे केस हलावेत, पण कातडीला धक्का नाही. स्पर्धेतले परीक्षक इतरांना तिचं उदाहरण द्यायचे. बारावीत असताना ती ब्लॅक बेल्ट झाली. पुढे इंजिनिअर झाली, तरी रविवारी येऊन छोट्यांना शिकवायची. सरांना मूलबाळ नव्हतं. ही मुलगी म्हणजे आपल्या कामाची पावती असं त्यांना वाटे, आणि ते बायकोजवळ बोलूनही दाखवत.

त्याच रुचिराचे वडील दोन हजार तेराच्या फेब्रुवारीच्या सुरुवातीला पुन्हा त्याच दारात येऊन उभे राहिले.

"सर, जरा बाहेर येता?"

या वेळी आवाज चढलेला नव्हता. चढलेला असता तर सरांना बरं वाटलं असतं.

"रुचिराला परवा एकाने मारलं," सत्यजीत म्हणाले. "उरणच्या बाजूला नोकरीच्या मुलाखतीला गेली होती. येताना कळंबोलीला हायवेवर उतरली आणि आमच्या रोडपालीकडे चालत निघाली. नुकता अंधार पडला होता. एका मोटरसायकलवाल्याने पत्ता विचारला आणि हातच धरला. डावं मनगट मोडलंय. प्लॅस्टर घातलंय."

"पोलिसांत...?"

"दिलीय तक्रार. गाडीचा नंबर कुणी बघितलाच नाही." आत मुलं सुरात जपानी आकडे मोजत होती, इची, नी, सान, शी. "दहा-बारा वर्षं, सर. दहा-बारा वर्षं मी तिला स्कूटरवरून इथे आणून सोडलं. तुम्ही तिला नक्की काय शिकवलंत?"

"मी येतो तिला भेटायला," एवढंच ते म्हणाले.

"या. ती नोकरी मिळाली तिला. निवड झाल्याचा फोन हॉस्पिटलमध्येच आला. एक एप्रिलला रुजू व्हायचंय. पण ती आता म्हणते, मी जाणार नाही. नोकरीचं सोडा, दूधवाल्याला दार उघडायलाही उठत नाही. आणि खरं सांगू? मलाही वाटतं, नकोच. गव्हाण फाट्यावरून रोज बसने जा, अंधारात परत ये. कशाला?"

पण हे बोलताना त्यांचा चेहरा असा झाला होता की सरांना त्यांचा राग येईना. मुलगी घरात बसावी असं वाटणारा आणि ती घरात बसलेली बघवत नसलेला, असा तो बाप होता.

घरी आशालताबाई वालाच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. सरांनी चपला काढायच्या आतच त्या म्हणाल्या, "ऐकलं मी. भाजीवालीपासून सगळ्यांच्या तोंडी तेच आहे. ब्लॅक बेल्टवाल्या पोरीने मार खाल्ला."

"लोकांना काय, बोलायला विषय पाहिजे."

"लोकांचं राहू द्या. मी विचारते. तुम्ही तरी आयुष्यात कधी कुणाला मारलंय का हो?"

सर गुडघा चोळत खुर्चीत बसले. छप्पन्न वर्षांच्या गुडघ्याला आता जमिनीवर बसणं झेपत नव्हतं. त्यांनी आठवून पाहिलं. एकदा एसटी स्टँडवर रांगेत एकाने त्यांना ढकलून शिवी दिली होती, तेव्हा ते बाजूला झाले होते. एकदा कंपनीत संपाच्या वेळी हाणामारी झाली, तेव्हा ते कँटीनच्या मागच्या दाराने निघून गेले होते. दोन्ही वेळा त्यांनी स्वतःला समजावलं होतं की खरा कराटेवाला भांडण टाळतो.

"वेळच आली नाही कधी," ते म्हणाले.

"आली नाही, की येऊ दिली नाहीत?"

सरांना राग आला, कारण बाईचं म्हणणं खरं होतं. ते न जेवता झोपले.

दुसऱ्या दिवशी रोडपालीच्या त्या फ्लॅटमध्ये रुचिरा सोफ्यावर पाय पोटाशी घेऊन बसली होती. टीव्ही चालू होता, आवाज बंद. सरांना बघून ती उठली आणि प्लॅस्टरचा हात सांभाळत कमरेत वाकली. "ओस सर." सरांना ते वाकणं बघवेना.

"बस, बस. दुखतंय का?"

"नाही सर." आई पद्मजा बँकेत कामावर गेली होती आणि बाबा चहा करायला आत. ती हळू आवाजात म्हणाली, "सर, एक सांगू? बाबांना नाही सांगितलेलं. पोलिसांनाही नाही."

"सांग."

"मी घाबरले नव्हते. सगळ्यांना वाटतं, मी घाबरले म्हणून मार खाल्ला. तसं नव्हतं. त्याने हात धरला, तो मी सोडवला. तुम्ही शिकवला तसाच, अंगठ्याच्या बाजूने. पटकन सुटला. मग मी पाय मागे घेतला आणि ठोसा मारला. सरळ नाकावर. इतका छान सुटला होता सर, स्पर्धेतही कधी तसा जमला नव्हता."

"मग?"

"थांबवला मी," रुचिरा म्हणाली. "बोटभर अंतरावर. त्याने डोळे मिटून घेतले होते. आणि मी... मी दोन पावलं मागे जाऊन उभी राहिले."

सरांना कळलं, आणि कळूच नये असंही वाटलं. सामन्यात ठोसा झाला की खेळाडू आपापल्या जागी मागे येतात आणि परीक्षकाच्या हाताकडे बघतात.

"मी गुण मिळायची वाट बघत होते, सर. त्या रस्त्यावर." तिला हसू आलं, आणि हसताहसताच रडू आलं. "त्याने डोळे उघडले. आपल्याला काहीच झालं नाही हे त्याच्या लक्षात आलं. मला म्हणाला, बस, इतनाही? आणि मग कानाखाली मारली. मी गटाराच्या कठड्यावर पडले. मागून एक ट्रक आला, म्हणून तो पळाला. नाही तर..."

सत्यजीतराव चहा घेऊन आले, म्हणून ते वाक्य तिथेच राहिलं. सरांनी चहा घेतला, पण साखर आहे की नाही तेही त्यांना समजलं नाही. त्या पोरीने काही म्हणजे काही चुकवलं नव्हतं. वर्षानुवर्षं घोटून घेतलं ते तिने अचूक केलं होतं, आणि अचूक केलं म्हणूनच ती तोंडघशी पडली होती. सरांना आपल्या सगळ्या आयुष्याचा शीण एकदम आला. उठून जावं आणि हॉलची किल्ली सोसायटीच्या सेक्रेटरीच्या हातात ठेवावी, असं त्यांच्या मनात आलं.

पण जाताना दारात ते म्हणाले, "सत्यजीतराव, प्लॅस्टर निघालं की दुपारी तिला हॉलवर आणा. एप्रिलच्या आत. एक गोष्ट शिकवायची राहिलीय."

"आता आणखी काय शिकवणार?"

"थांबायचं नाही, हे."

मधल्या काळात महिला दिन आला. दिल्लीतल्या त्या भयंकर घटनेला तीन महिनेही झाले नव्हते आणि जो तो स्वसंरक्षणाचं शिबिर भरवत होता. एका शाळेने सरांना बोलावलं. मैदानात तीन-चारशे मुली उन्हात बसवलेल्या, स्टेजवर पाहुण्यांना शाल आणि नारळ, आणि सरांच्या वाट्याला शेवटची वीस मिनिटं. "पाच सोप्या युक्त्या दाखवा," मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या, "म्हणजे मुलींना आत्मविश्वास येईल." सरांनी पाच सोप्या युक्त्या दाखवल्या. मुलींनी बसल्या जागी हात हलवले, फोटो निघाले. शेवटी पुढच्या रांगेतल्या एका किडकिडीत मुलीने विचारलं, "सर, असं केल्यावर तो माणूस पडेल ना?"

एरवी सर म्हणाले असते, सराव केलास तर नक्की पडेल. पण त्या दिवशी त्यांना खोटं बोलायचाही कंटाळा आला होता. "पडेलच असं नाही, बाळ," ते माइकवर म्हणाले. "मला माहीत नाही."

बाईंनी झटकन माइक घेतला. "सर किती विनयशील आहेत बघा! टाळ्या!" टाळ्या झाल्या. पुढच्या वर्षी त्या शाळेने दुसरा माणूस बोलावला, तो पंधरा मिनिटांत सात युक्त्या दाखवायचा म्हणे.

प्लॅस्टर निघालं आणि सत्यजीतरावांनी साठलेली रजा काढली. रोज दुपारी ते रुचिराला स्कूटरवर मागे बसवून आणत आणि संध्याकाळच्या बॅचआधी घेऊन जात. सोसायटीचा वॉचमन काशिराम, मूळचा गव्हाणचा, हॉल उघडून द्यायचा आणि खाली गेटशी जाऊन बसायचा.

सरांना वाटलं होतं, आठवड्याभरात होईल. काय अवघड आहे? हात तोच, ताकद तीच, फक्त बोटभर पुढे जायचं. त्यांनी आधी तिच्यासमोर गादी धरली. गादीवर तिचे ठोसे असे बसले की सरांचे दंड दुखायला लागले. मग त्यांनी डोक्यावर हेल्मेट घातलं आणि गादी खाली ठेवली. "मार."

ठोसा आला आणि हेल्मेटच्या जाळीपाशी थांबला.

"पुन्हा."

पुन्हा थांबला. ती ओठ चावून, डोळे मिटून मारून बघायची, तरी हात आपलं अंतर विसरायचा नाही. सरांनी पांढरे कपडे बंद केले. "उद्यापासून पंजाबी ड्रेस घालून ये. खांद्याला पर्स, पायात चपला. वाकायचं नाही, ओस म्हणायचं नाही. मी तुझा सर नाही." दुसऱ्या दिवशी ती तशी आली, पर्स सावरत उभी राहिली, आणि ठोसा पुन्हा बोटभर अंतरावर येऊन थांबला. मागोमाग ती दोन पावलं मागे सरली.

"सर, एकदा तुम्ही मला मारून दाखवा ना," एका दुपारी ती म्हणाली. "थांबायचं नाही म्हणजे नेमकं कसं, ते बघते. हळूच मारा, पण लागू द्या."

सरांनी पवित्रा घेतला. ठोसा सोडला. त्यांची मूठ तिच्या गालापाशी येऊन थांबली, आणि ती त्यांनी थांबवलीही नव्हती. मग सर मुकाट्याने पंखा वाढवायला गेले.

त्या संध्याकाळी घरी ते आशालताबाईंना म्हणाले, "बाई, मला काही येत नाही." बाईंनी टोमणा मारला नाही. त्यांनी पानात आणखी एक भाकरी वाढली, आणि नेमकं त्यामुळेच सरांना जास्त वाईट वाटलं.

मार्चचा शेवटचा आठवडा उजाडला. रुचिराचं अंतर एका केसाने कमी झालं नव्हतं. बाबा बरोबर नसले तर ती अजूनही घराच्या दारापर्यंतसुद्धा जात नव्हती. कंपनीतून फोन आला होता, येताय की नाही ते शनिवारपर्यंत कळवा म्हणून. सत्यजीतराव त्या दिवशी तिला सोडून स्कूटरच्या ब्रेकचं काम करायला बाजारात गेले. जाताना जिन्यात सरांना म्हणाले, "आजचा दिवस बघू. नाही तर नाही म्हणून कळवून टाकतो. तुमच्याही गुडघ्याला त्रास."

सरांनी त्या दुपारी शेवटचा उपाय केला. तिला विचारून, तिने हो म्हटल्यावर, त्यांनी तिचा हात धरला, त्या माणसाने धरला होता तसा. तिने अंगठ्याच्या बाजूने तो सोडवला. पाय मागे घेतला. ठोसा निघाला, थांबला, आणि ती दोन पावलं मागे जाऊन उभी राहिली. यंत्रासारखं. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि पवित्रा मात्र बिनचूक होता.

सरांनी हेल्मेट काढलं. गुडघा ठणकत होता, घाम डोळ्यांत जात होता, आणि त्यांना त्या क्षणी कराटेचा, हॉलचा, स्वतःचा मनापासून वीट आला.

"बास, रुचिरा," ते म्हणाले. "बास झालं."

"सर, अजून एकदा..."

"नाही. काही उपयोग नाही. माझंच चुकलं. हे असं काही होत नसतं. बाबा म्हणतात तेच बरोबर आहे बघ. नको ती नोकरी. घरून करता येईल असं काहीतरी बघ. हल्ली कॉम्प्युटरवर पुष्कळ कामं मिळतात."

ती त्यांच्याकडे बघत राहिली. "तुम्हीसुद्धा?"

"मी तुझ्या भल्यासाठीच सांगतोय, बाळ. बाहेर जाऊन काय करायचंय? घरात सुरक्षित तरी राहशील." आणि एवढं बोलून, समजूत घालावी म्हणून, त्यांनी तिच्या डोक्यावर ठेवायला हात पुढे केला.

तिने मारलं.

ते कराटे नव्हतं. पाय मागे गेला नव्हता, कंबर वळली नव्हती, आणि अंगठा मुठीच्या आत होता, जो पहिल्याच दिवशी प्रत्येक मुलाला बाहेर काढायला शिकवतात. खांद्याची पर्सही हाताबरोबर आली. मूठ सरांच्या जबड्यावर बसली, खालचा ओठ दातात सापडला आणि सर मागच्या भिंतीवर जाऊन आदळले. डोळ्यांपुढे काजवे चमकणं म्हणजे काय, हे दादरच्या दिवसांनंतर त्यांना आज पहिल्यांदा कळलं.

डोळे उघडले तेव्हा ती मागे सरलेली नव्हती. होती तिथेच उभी होती, मूठ वळलेलीच, श्वास जोरात चाललेला. एरवी कुणाचा नुसता धक्का लागला तरी दहादा सॉरी म्हणणारी मुलगी. ती सॉरी म्हणाली नाही.

"मला काय करायचंय ते तुम्ही सांगू नका, सर," ती म्हणाली. "बाबांनी पण नको. सगळे मला घरात बसवतायत. मारलं त्याने, आणि घरात मी बसायचं?"

तिने खांद्यावरची पर्स सारखी केली आणि जिना उतरून गेली.

सर भिंतीला टेकून खाली बसले. तोंडात खारट चव आली होती. तिच्यामागे धावावं असं वाटत होतं, पण गुडघा साथ देईना. आणि खरं सांगायचं तर त्यांना बरंही वाटत होतं, आणि बरं वाटतंय याची लाजही. पोरीला मारता आलं, पण ते आपण शिकवलेलं नव्हतं. की होतं? इतक्या वर्षांच्या त्या ठोशांतली ताकद तर त्यात होती. बाकीचं सगळं तिचं होतं. त्यांना काही ठरवता येईना.

थोड्या वेळाने काशिराम धापा टाकत वर आला. "वो सर, तुमची ती पोर एकलीच गेली गेटाबाहेर. मी हाक मारली, आयकलाच नाय तिना. कालंबोलीच्या बसला हात केला नि गेली आत चरून." मग त्याचं लक्ष सरांच्या तोंडाकडे गेलं. "अरं देवा! काय झाला वो? पराल्या का काय?"

"पडलो नाही," सर म्हणाले. "पाणी आण जरा."

काशिरामने तांब्या आणला. सर चूळ भरत होते तेवढ्यात खाली स्कूटर थांबली आणि सत्यजीतराव वर आले. रिकामा हॉल, जमिनीवर पडलेलं हेल्मेट आणि सरांच्या शर्टावरचे लाल डाग त्यांनी एका नजरेत पाहिले.

"रुचिरा कुठंय?"

"गेली."

"गेली म्हणजे? कुणाबरोबर?"

"एकटी. बसने."

"एकटी?" सत्यजीतरावांचा आवाज फाटला. "आणि तुम्ही जाऊ दिलंत? अहो, तिला दोन महिने... ती दारापर्यंत... सर, तुम्हाला काही अक्कल आहे का?" ते जिन्याकडे धावले, परत आले, फोन काढला, हातातून खाली पाडला, पुन्हा उचलला. रुचिरा फोन उचलत नव्हती. त्यांनी पुन्हा लावला. मग पुन्हा. काशिरामने पुढे होऊन त्यांना खुर्ची दिली. ते बसले नाहीत. ती मधेच कुठे उतरली असेल, बस थांबते तिथून घरापर्यंतचा तो रस्ता, ते गटार, तो कठडा, हे सगळं सरांच्याही डोळ्यांपुढे येत होतं. आपण एका पोरीचं पुन्हा वाटोळं केलं का, याची त्यांना आता भीती वाटू लागली.

बॅचची पहिली मुलं जिन्यात येऊन थबकली. काशिरामने त्यांना खुणेने तिथेच बसवलं.

मग फोन वाजला.

"कुठे आहेस?" सत्यजीतराव ओरडले. "काय?... घरी? अगं पण कशी... चालत? त्याच रस्त्याने?" ते ऐकत राहिले. हळूहळू त्यांचे खांदे खाली आले. "बरं... बरं. हो. थांब तिथेच. येतो मी."

फोन बंद करून ते त्या खुर्चीत बसले.

"पोहोचली," ते म्हणाले. "दाराबाहेर उभी आहे. आत जाता येत नाहीये तिला. घराला कुलूप, पद्मजा बँकेत, मी इथे."

"तिच्याकडे किल्ली नाही?" सरांनी विचारलं.

सत्यजीतरावांनी मान खाली घातली. "मागच्या महिन्यात पद्मजाची किल्ली हरवली. तेव्हा मी रुचिराची तिला देऊन टाकली. म्हटलं..." त्यांनी हातातला फोन खिशात टाकला. "म्हटलं, हिला आता कुठे लागणार आहे."

जिन्यात मुलं कुजबुजत होती. सत्यजीतरावांनी चष्मा काढून डोळे पुसले, मग पहिल्यांदाच सरांच्या ओठाकडे नीट पाहिलं.

"हे तिने?"

सरांनी होकारार्थी मान हलवली.

सत्यजीतराव उठले. खिशातून जुडगा काढून त्यांनी त्यातली घराची किल्ली चाचपली, आणि स्कूटरकडे निघता निघता दारात थांबले.

"सर, स्टेशनसमोरचा तो किल्लीवाला," त्यांनी विचारलं, "किती वाजेपर्यंत असतो?"